पाय-युनचा वारा

यिन-लुआनला बाहुल्यांच्या मंडळीतून काढलं ते भर जेवणात. देवळाच्या समितीने मांडवात गोल टेबलं लावली होती, उकडलेला हंस आला होता, बांबूच्या कोंबांचं सूप आलं होतं, आणि समितीचे म्हातारे अध्यक्ष आमचा मालक फू-चुन याच्या पेल्यात पुन्हापुन्हा बिअर ओतत होते. मध्येच फू-चुनने सांगितलं की पुढच्या महिन्यापासून आवाजाला दुसरा माणूस बसेल. अध्यक्षांनी विचारलं, का बरं, यिन-लुआनचं काय बिघडलं? फू-चुन हसला.

"बिघडलं काही नाही. पण बटणं दाबायला काय, माकड बसवलं तरी चालतं. बाहुली नाचवायला मात्र हात लागतो."

टेबल खदखदून हसलं. यिन-लुआन माझ्याच शेजारी बसली होती. तिने तोंडातला घास सावकाश संपवला, चॉपस्टिक्स वाटीवर आडव्या ठेवल्या, अध्यक्षांना वाकून नमस्कार केला आणि स्कूटर काढून निघून गेली. तिच्या वडिलांना जाऊन शंभर दिवससुद्धा झाले नव्हते. बाहीवर शोकाचा कापडी तुकडा अजून टाचलेला होता.

तिचे वडील चुआंग शुई-मू. हुवेई गावाच्या आसपास बाहुल्यांच्या खेळात त्यांच्याएवढा सूत्रधार नव्हता. हातात बाहुली चढवली की म्हातारा स्वतः नाहीसा व्हायचा. मी त्यांच्या मागे ढोल आणि झांजा वाजवत म्हातारा झालो. फू-चुन हा त्यांचा शिष्य. पोरवयात आला, त्यांच्याच घरी जेवला, वाढला. त्याच्या फाटक्या चड्ड्या यिन-लुआनने शिवल्या. त्याचा हात चांगला आहे, हे मी कुणासमोरही कबूल करीन. म्हाताऱ्याला मुलगा नव्हता, म्हणून मंडळीचा ट्रक, रंगमंच आणि बाहुल्यांच्या पेट्या त्याच्याकडे गेल्या. त्याबद्दल यिन-लुआनने अवाक्षर काढलं नव्हतं.

तिची जागा पडद्यामागे, डाव्या कोपऱ्यात. आमच्याकडे आधी कॅसेटी होत्या, त्या काळापासून ती तिथे बसायची. नंतर लॅपटॉप आला आणि लॅपटॉपाच्या पोटात सिंथेसायझर आला. म्हणजे वाद्य असं डोळ्यांना काही दिसत नाही, सगळं पडद्यावर. हाताशी म्हणून एक काळी पाटी, तिच्यावर पियानोसारख्या पट्ट्या आणि वर नॉबची रांग. तिला कंट्रोलर म्हणतात. प्रत्येक प्रवेशाचा आवाज यिन-लुआनने स्वतः घडवून साठवून ठेवला होता. असा साठवलेला आवाज म्हणजे प्रीसेट. पायाने पेडल दाबलं की पुढचा प्रीसेट यायचा, आणि नॉब फिरवला की त्यात जीव यायचा. तलवारीची सणसण, काळ्या सेनापतीचा गडगडाट, चांदण्यातलं रडणं, सगळं तिचं.

आणि पाय-युनचा वारा. पाय-युन म्हणजे पांढरा ढग, आमच्या खेळाचा नायक, म्हाताऱ्याची सगळ्यांत लाडकी बाहुली. तो रंगमंचावर यायच्या आधी वारा यायचा. आधी काहीच ऐकू येत नसे, मग वाटायचं की कुणीतरी लांबून श्वास घेतंय, मग तो श्वास वाढत वाढत बांबूच्या बनातून धावत यायचा आणि पांढरा झगा फडफडायचा. तो वारा यिन-लुआनने साखर कारखान्यामागच्या बनात जाऊन टिपला होता, आणि त्यात वडिलांच्या श्वासाचा एक धागा मिसळला होता. गरम चहावर फुंकर घालताना म्हातारा दातांतून जो श्वास सोडायचा, तो. हे फार थोड्यांना माहीत होतं. पाय-युन आला की पहिला नमस्कार देवीला, माझूला, मग माणसांना, हा म्हाताऱ्याचा नियम. त्या वेळी पुढची पोरंसुद्धा गप्प व्हायची.

माकडाचं बोलणं ती कदाचित गिळूनही गेली असती. पण पुढच्या महिन्यात ती नूडल्सच्या दुकानात जेवत असताना तिथल्या टीव्हीवर फू-चुन दिसला. ओळखीचा माणूस म्हणून दुकानदारीणबाईने आवाज मोठा केला. मुलाखत घेणारी मुलगी विचारत होती की तुमच्या खेळातले आवाज इतके वेगळे कसे. फू-चुन म्हणाला, वर्षानुवर्षं मी एकेक आवाज हाताने घडवत गेलो, गुरूंच्या आशीर्वादाने. आणि तो वारा? तोही मीच, तो म्हणाला, एकदा स्वप्नात ऐकला होता.

दुकानदारीणबाईने यिन-लुआनकडे पाहिलं आणि टीव्ही बंद केला. यिन-लुआनने वाडगा पूर्ण संपवला. नंतर तिने मला सांगितलं, "आ-चिक, त्या दिवशी मला राग आला नाही. भूक लागली." आ-चिक म्हणजे काका. ती मला लहानपणापासून तसंच म्हणते.

फू-चुनने तिच्या जागी आ-तोंगला आणलं होतं. चाळिशीतला हसरा गडी, लग्नांच्या मांडवात कीबोर्ड वाजवणारा. हात पक्का, स्वभाव गोड. तिचा सगळा आवाजांचा संच फू-चुनने आधीच नव्या लॅपटॉपात उतरवून घेतला होता, आणि जुना लॅपटॉप व काळी पाटी तिच्या घरी राहिली म्हणून दुप्पट नॉबांची, रंगीत दिव्यांची नवी पाटी विकत आणली. तालमीला बसले तर सगळंच उलटंपालटं. यिन-लुआनने जो नॉब वाऱ्याला बांधला होता, त्याच्याशी नव्या पाटीवरच्या नॉबचा क्रमांक जुळेना. वारा वाढवायला जावं तर तलवारी वाजायच्या, तलवार काढायला जावं तर रडणं मध्येच थांबायचं. आ-तोंगने दोन संध्याकाळी डोकेफोड केली आणि सरळ सांगितलं की हे ज्याने बांधलंय त्यालाच बोलवा. फू-चुन म्हणाला, मीच बांधलंय. आ-तोंग म्हणाला, मग सोडवा.

माझूच्या जन्मोत्सवाचा खेळ महिन्यावर आला होता. त्या दिवशी तायपेहून तीन जणांची समिती येणार होती. जपानच्या दौऱ्यासाठी कोणती मंडळी पाठवायची ते ती ठरवणार होती. शेवटी फू-चुन अननसाच्या केकचा डबा घेऊन यिन-लुआनच्या दारात उभा राहिला. घरच्याघरी म्हणून एवढं करून दे, म्हणाला. आपलं काय, भांड्याला भांडं लागतंच.

तिने त्याला चहा दिला. करते म्हणाली. तो इतका खूश झाला की जाताना वडिलांच्या फोटोपुढे उदबत्ती लावायला विसरला. तिने ते पाहिलं.

ती आठवडाभर तालमीच्या गोदामात येत राहिली. डोकं खाली घालून काम करायची, नव्या पाटीचा एकेक नॉब एकेका आवाजाला बांधायची. मी ढोलाची दोरी आवळता आवळता बघायचो आणि मला वाटायचं, हिने माफ केलेलं दिसतंय.

एक दिवस तिने आ-तोंगला विचारलं की नॉबचं वागणं कसं ठेवू. हा प्रश्न काय तो मला तेव्हा कळला नव्हता, नंतर तिने समजावला. प्रीसेट बदलला की आवाज बदलतो, पण पाटीवरचा नॉब काही आपोआप फिरत नाही. मागच्या प्रवेशात तो जिथे सोडला तिथेच असतो. आता आवाज म्हणतो मी शून्यावर आहे आणि नॉब म्हणतो मी टोकाला आहे. हे भांडण कसं मिटवायचं ते आधीच ठरवून ठेवावं लागतं. एक रीत अशी की नॉब मुका राहतो. तुम्ही तो फिरवत आवाजाच्या जागेपर्यंत आणलात की तिथून पुढे तो बोलायला लागतो. दुसरी रीत म्हणजे उडी. हात लागल्याबरोबर आवाज उडी मारून नॉब असेल तिथे जातो. यिन-लुआन स्वतः आयुष्यभर मुकी रीत वापरत आली होती.

आ-तोंग तिला आ-ची म्हणायचा, म्हणजे ताई. तो म्हणाला, "आ-ची, मुका नॉब मला नको. लग्नात आपण हात लावला आणि काही वाजलं नाही तर नवरदेवाचा मामा येऊन विचारतो, झोपलास काय. उडी ठेवा."

"लग्नात आवाज उडाला तर?"

"उडाला तर लोक आणखी नाचतात."

ती म्हणाली, बरं, उडी ठेवते. दुसरं कुणी असतं तर तिने सांगितलं असतं की बाबा रे, खेळात ते चालायचं नाही, प्रवेश मागेपुढे झाला तर फजिती होईल. तिने नाही सांगितलं. घरी जाऊन तिने दार लावलं, कानाला हेडफोन लावले आणि खरं काम सुरू केलं.

खेळाचा क्रम तिला तोंडपाठ. चांदण्यातल्या रडण्यानंतर पाय-युन येतो. रडणं विरत जातं तेव्हा मोठा नॉब तळाला आलेला असतो. पाय-युनचा वाराही शून्यावरून सुरू होतो. म्हणजे खेळ क्रमाने चालला तर नॉब आणि आवाज यांची गाठ तळातच पडते, उडीला जागाच उरत नाही. असे सगळे प्रवेश तिने एकमेकांत असे बसवले की आधीचा जिथे सोडेल तिथून पुढचा उचलेल. क्रमाने वाजवा, लोण्यासारखं वाजेल.

पण काळ्या सेनापतीच्या गडगडाटात तोच मोठा नॉब टोकाला असतो. आणि फू-चुनची एक खोड सगळ्या तालुक्याला माहीत होती. खेळ कितीही रंगलेला असो, मोठा पाहुणा आला की तो चालू प्रवेश तोडायचा, पाय-युनला बाहेर काढायचा आणि पाहुण्याला नमस्कार घालायचा. म्हाताऱ्याच्या आजारपणातच त्याने हे सुरू केलं होतं. माझूच्या जन्मोत्सवाला जिल्हाप्रमुख दरवर्षी येतात, आणि दहा देवळं करून येतात म्हणून दरवर्षी उशिरा येतात. ते पोचतात तेव्हा सेनापतीची लढाई चाललेली असते.

तेव्हा तिने वाऱ्याचा प्रीसेट उघडला. नॉबच्या खालच्या अर्ध्यात वारा होता तसाच ठेवला. वरच्या अर्ध्याला, जिथे वाऱ्याच्या वेळी कधी कुणाचा हात जात नाही, तिने दुसरंच काही बांधलं. स्वर एकदम वर चढतो, घसा दाबल्यासारखा चिरका होतो, आणि प्रत्येक वेळी मागून त्याचाच प्रतिध्वनी येऊन आदळतो. पहिल्यांदा ते नुसतंच कर्कश वाटलं. कर्कश आवाजाला लोक कान झाकतात, हसत नाहीत. तिला हसू हवं होतं. आमटी चाखत मीठ घालावं तसं तिने थोडं कमी, थोडं जास्त करून पाहिलं. शेवटी हेडफोनमधून अगदी बदक ओरडलं. लठ्ठ, माजलेलं, रागावलेलं बदक. ती एकटीच खोलीत बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

त्या बदकाच्या गळ्यात वडिलांचा श्वासही होता. हे तिच्या ध्यानात आलं होतं का, असं मी तिला विचारलं आहे. आलं होतं, म्हणाली. "पण तेव्हा मी थांबणारी नव्हते, आ-चिक. त्याने जेवणाच्या टेबलावर माझं हसं केलं होतं. मला देवळापुढे त्याचं हसं करायचं होतं."

रंगीत तालीम अशी झाली की फू-चुनने टाळ्या वाजवल्या. आ-तोंगने वारा असा वाढवला की माझ्याही अंगावर काटा आला. फू-चुनने तिला पैशांचं लाल पाकीट पुढे केलं. तिने दोन्ही हातांनी ते परत त्याच्याकडे सरकवलं. घरच्याघरी आहे, म्हणाली.

जन्मोत्सवाच्या दुपारी ऊन रणरणत होतं. देवळाच्या अंगणात प्लास्टिकची स्टुलं भरून गेली होती, भाजलेल्या सॉसेजचा धूर आणि उदबत्त्यांचा धूर एकत्र झाला होता. तायपेची समिती पुढच्या रांगेत पंखे हलवत बसली होती, आणि तिच्या शेजारी जिल्हाप्रमुखांसाठी लाल कापडाची खुर्ची रिकामी होती. मी रंगमंचाच्या बाजूला ढोलाशी. तिथून मला आतलंही दिसतं आणि बाहेरचंही. यिन-लुआन सॉसेजच्या गाडीपाशी उभी होती. बाहीवरचा शोकाचा तुकडा तिने त्या दिवशी काढला होता.

खेळ छान चालला. सेनापतीची लढाई लागली, आ-तोंगने गडगडाट टोकापर्यंत नेला, मी ढोल फोडून काढत होतो. इतक्यात फाटकाशी फटाके वाजले आणि जिल्हाप्रमुख हार घालून, हात जोडत आत आले. फू-चुनने सेनापतीला अर्ध्या उडीत खाली ओढलं, दुसऱ्या हातात पाय-युन चढवला आणि आ-तोंगला हनुवटीने खूण केली. आ-तोंगने पेडल दाबत दाबत प्रीसेट पुढे नेला. गडगडाट बंद झाला. अंगण शांत झालं. पांढऱ्या झग्याचं टोक पडद्याआडून दिसलं. आ-तोंगने वाऱ्यासाठी मोठ्या नॉबला बोट लावलं.

देवळाच्या चारही कर्ण्यांतून बदक ओरडलं.

आ-तोंग दचकला आणि त्याने नॉब झटकन खाली आणला. त्यामुळे ते बदक वरून खाली घसरत, कण्हत, एखाद्याचं पोट बिघडावं तसं विरलं. एक क्षण कुणालाच काही कळलं नाही. मग मागच्या रांगेतलं एक पोर ओरडलं, पाय-युन बदक झाला, आणि सगळं अंगण फुटलं. जिल्हाप्रमुखांनी हसू दाबायला रुमाल काढला. आ-तोंगने घाबरून पुन्हा नॉब वर नेला, बदक पुन्हा बोललं. फू-चुन एकटाच सगळ्या बाहुल्यांचे संवाद बोलतो. त्याची जीभ अशी अडखळली की पाय-युनच्या तोंडून काळ्या सेनापतीचा घोगरा आवाज आला. हसणं दुप्पट झालं.

आ-तोंगने आतून विचारलं की मालक, हे काय होतंय, काय करू? फू-चुनच्या डोक्यात रक्त चढलं होतं. माइक ओठांपाशी होता हे तो विसरला.

"मला काय विचारतोस? मी आयुष्यात कधी त्या बटणांना हात लावलाय का? आवाज सगळे तिचे आहेत. तिला विचार!"

हे चारही कर्ण्यांतून देवीपर्यंत पोचलं. तायपेच्या समितीतल्या बाईंचा पंखा थांबला. नूडल्सची दुकानदारीण तिथेच बसली होती. तिने शेजारणीला कोपराने ढोसलं. हे यिन-लुआनने योजलं नव्हतं. एवढं तर तिने मागितलंही नव्हतं. मी तिच्याकडे पाहिलं तर तिचा चेहरा उजळला होता. इतक्या वर्षांत मी तिला तशी पाहिली नव्हती.

तो उजेड फार टिकला नाही. फू-चुनचा हात ढिला पडला होता आणि पाय-युन कठड्यावर ओणवा लोंबत होता, मान छातीवर. पुढची पोरं स्टुलांवरून उतरून बदकासारखी चालायला लागली, पंख हलवत, त्याच्याकडे बोटं दाखवत. फू-चुन पडद्याआड होता. तो कुणालाच दिसत नव्हता. लोक ज्याला हसत होते तो पाय-युन होता. म्हाताऱ्याने उभ्या आयुष्यात त्या बाहुलीला कुणाला हसू दिलं नव्हतं. यिन-लुआन ते बघत राहिली. मग तिने गर्दीतून वाट काढली आणि मागची शिडी चढून वर आली.

आ-तोंग न सांगता उठला. त्याचे कान लाल झाले होते. ती बसली, मोठा नॉब हळूच तळाला नेला, मग प्रीसेट पुन्हा नव्याने उघडला. तिने मला मान हलवून ढोल थांबवायला सांगितलं आणि काहीच वाजवलं नाही. ती वाट बघत राहिली. हसणं दमलं, मग विरलं. तेव्हा कुठे लांबून कुणीतरी श्वास घेतला.

वारा आला. बांबूच्या बनातून आला, पोरांच्या डोक्यांवरून गेला. पोरं आपापल्या स्टुलांवर बसली. फू-चुनचा हात शेवटी शिकलेला होता. पाय-युनने मान वर उचलली. सवयीने तो लाल खुर्चीकडे वळायला लागला.

यिन-लुआन खालच्या आवाजात म्हणाली, "आधी देवीला."

फू-चुनने तिच्याकडे पाहिलं. तिने वारा थांबवला नाही, वाढवलाही नाही, नुसता धरून ठेवला. ती धरून ठेवील तोवर पाय-युनला तिथून हलता येणार नव्हतं. शेवटी बाहुलीने जिल्हाप्रमुखांकडे पाठ केली आणि देवळाच्या गाभाऱ्याला नमस्कार घातला. जिल्हाप्रमुखांनी नमस्कार घ्यायला हात उचलला होता, तो त्यांनी गुडघ्यावर ठेवला. समितीचे म्हातारे अध्यक्ष उठून उभे राहिले आणि देवीला हात जोडले. मग सगळं अंगण उभं राहिलं.

उरलेला खेळ तिने वाजवला. खेळ संपल्यावर तायपेची समिती आत आली नाही, अध्यक्षांच्या हातात आपलं कार्ड देऊन निघून गेली. दौरा दुसऱ्या मंडळीला मिळाला हे पुढे कळलं. त्या संध्याकाळी आम्ही सामान आवरत असताना फू-चुन तिच्यापाशी आला. त्याने तिला एरवी कधी अहोजाहो केलं नव्हतं. त्या दिवशी म्हणाला की आ-ची, झालं गेलं विसरा, उद्यापासून तुम्हीच बसा, फलकावर तुमचं नाव घालतो.

ती लॅपटॉपपुढेच बसलेली होती. तिने आ-तोंगला विचारलं की तुझ्या घरी याची दुसरी प्रत आहे का. तो नाही म्हणाला. मग ती एकेक प्रीसेट निवडून पुसायला लागली. तलवारी गेल्या, चांदणं गेलं. फू-चुनला उमजायला थोडा वेळ लागला.

"हे काय करतेस?" अहोजाहो तिथेच संपलं.

"माझं सामान उचलतेय."

"मग माझ्याकडे काय राहिलं?"

"विकत घेताना त्यात जे आलं होतं ते. पियानो आहे, घंटा आहे, एक बासरी आहे. हात आहे ना तुझा. नाचव."

तो तिच्या खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला. मला वाटलं हा आता लॅपटॉप ओढून घेतो. पण आम्ही सगळे बघत होतो, मी, ट्रकचा ड्रायव्हर, फू-चुनची बायकोसुद्धा, आणि कुणीच पुढे झालं नाही. वारा तिने सगळ्यांत शेवटी पुसला. मग उठून आपली पर्स खांद्याला लावली. जाताना तिने फू-चुनला सांगितलं की वडिलांच्या फोटोला उदबत्ती लावायची राहिली आहे, ये कधीतरी.

इथवरची गोष्ट आमच्याकडे सगळेच सांगतात, आणि हसत सांगतात. पुढची कुणी सांगत नाही, कारण ती मी, यिन-लुआन आणि आ-तोंग एवढेच जाणतो.

दोन दिवसांनी आ-तोंग तिच्या घरी आला. मी तिथे होतो. तो आत यायला तयार होईना, उंबऱ्यापाशीच उभा राहिला. त्याने जुन्या फाइलचा एक तुकडा लॅपटॉपच्या कचऱ्यातून शोधून काढला होता आणि उघडून पाहिला होता.

"उडी मीच मागितली, आ-ची. ते मी नाकारत नाही. पण वर बदक कुणी ठेवलं?"

तिने खोटं सांगितलं नाही. मी ठेवलं, म्हणाली. तुझ्यासाठी नव्हतं ते. तू मध्ये सापडलास.

"त्याने तुम्हाला माकड म्हटलं. तुम्ही मला माकड केलंत. फू-चुन बाजूला राहिला, बटणांवर मी होतो हे सगळ्यांना ठाऊक. आता पोरं माझ्या स्कूटरमागे बदकासारखी ओरडतात. एक लग्न रद्द झालं, दुसरं होणार आहे. तुमचं भांडण त्याच्याशी होतं. बोट माझं होतं."

तो मान हलवून निघून गेला, आणि जाताना त्याने फाटक लावून घेतलं, जोरात नाही, नीट.

यिन-लुआन आता दोउनानच्या मंडळीत वाजवते. फलकावर तिचं नाव सूत्रधाराच्या नावाखाली त्याच मापाच्या अक्षरांत असतं. मीही तिथेच ढोल वाजवतो. फू-चुन लहान देवळांत खेळ करतो, पुन्हा कॅसेटी लावून, आणि खरं सांगायचं तर त्याचा हात अजून उतरलेला नाही. एकदा मी तिला विचारलं की झाल्याचं काही वाटतं का. फू-चुनचं काहीच नाही, म्हणाली, पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन. पोरं पाय-युनला हसली ते आठवलं की झोप उडते, पण ते माझं आणि आ-पाचं, म्हणजे वडिलांचं, ते आम्ही बघून घेऊ. आ-तोंगचं नाव तिने घेतलं नाही.

थंडीत मात्र तिने लग्नाचे आवाज घडवायला घेतले. रोज संध्याकाळी थोडे थोडे. ढोल, सनईसारखी वाद्यं, टाळ्या, एक नाचरी बास गिटार, आणि प्रत्येक नॉब असा सांभाळून बांधलेला की कुठूनही कुठेही गेलं तरी दचका बसू नये. सगळं तयार झाल्यावर एका छोट्या पेनड्राइव्हवर घालून तिने ते माझ्याकडे दिलं. तुम्ही न्या, म्हणाली, मी गेले तर तो दार उघडणार नाही.

आ-तोंगने माझ्यासाठी दार उघडलं. चहा केला, शेंगदाणे पुढे ठेवले, माझ्या ढोलाचं कातडं बदललं का म्हणून विचारलं. पेनड्राइव्ह मी टेबलावर ठेवला आणि कुणाचा आहे ते सांगितलं. त्याने बोट लावलं नाही. आम्ही बराच वेळ ढोलांविषयी बोललो. मी उठलो तेव्हा त्याने पेनड्राइव्ह उचलून माझ्या शर्टाच्या खिशात घातला आणि खिसा वरून थोपटला.

मी परत आलो तेव्हा यिन-लुआन अंगणात पातीच्या कांद्याची जुडी धूत होती. तिने विचारलं, घेतलं का त्याने? मी नाही म्हणालो.

तिने पातींची माती चोळून काढली, पाणी ओतलं, नवीन घेतलं.

"बरोबर आहे त्याचं," ती म्हणाली, आणि पुढची जुडी सोडली.